आधी परवानगी, मग विमान

भोपाळमधल्या कोणाचा मुलगा युक्रेनला डॉक्टरकी शिकायला गेला आहे, याचं २०२२ पर्यंत कुणाला फारसं नवल वाटत नसे. नीटमध्ये मार्क थोडे कमी पडायचे, सरकारी कॉलेजची जागा हुकायची आणि खासगी कॉलेजची फी ऐकून बाप गप्प व्हायचा. मग कोणीतरी खार्किवचं नाव सुचवायचं. २४ फेब्रुवारीला रशियाने हल्ला चढवला आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. मुलांना आणायला दिल्लीहून कीवकडे निघालेलं एअर इंडियाचं विमान त्याच सकाळी अर्ध्या वाटेतून परत फिरलं. एरवी नळाला पाणी नाही, खांबावरचा दिवा लागत नाही अशा तक्रारी घेणारी मध्य प्रदेशची १८१ क्रमांकाची हेल्पलाइन युक्रेनमध्ये अडकलेल्या मुलांची नावं लिहून घेऊ लागली.

त्या आठवड्यात पालकांचा एकच प्रश्न होता: सरकार विमान का पाठवत नाही? प्रश्न रास्त होता, पण विमान ही अशा सुटकेतली सगळ्यात सोपी गोष्ट असते. भारताकडे विमानं आहेत, जहाजं आहेत, ती चालवणारे कसलेले लोक आहेत. अडतं ते दुसरीकडेच. कोणाच्या आकाशातून जायचं, कोणत्या बंदराला लागायचं, बसगाड्या कोणत्या नाक्यावर अडवल्या जाणार नाहीत आणि तेवढा वेळ कोणाच्या तोफा थांबणार, हे आधी ठरावं लागतं. ते ठरवायचं तर लढणाऱ्या दोन्ही बाजूंनी तुमचा फोन उचलायला हवा. गेल्या पस्तीस वर्षांतल्या भारताच्या मोठ्या सुटका पाहिल्या, तर विमानं आणि जहाजं दर वेळी बदललेली दिसतात. हा फोन मात्र दर वेळी आहे.

या सगळ्याची सुरुवात कुवेतपासून करावी लागते. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय राहत होते. अमेरिका युद्धाच्या तयारीला लागली. दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार होतं आणि इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री होते. गुजराल बगदादला गेले आणि सद्दामने त्यांना मिठी मारली. तो फोटो जगभर छापून आला. भारत आक्रमकाच्या गळ्यात पडला, अशी टीका पाश्चात्त्य देशांत झाली, तशी भारतातही झाली. टीकेत तथ्य नव्हतं असं म्हणता येणार नाही. पण कुवेतमधल्या भारतीयांना बाहेर पडायचा रस्ता इराकमधूनच होता आणि त्या रस्त्याची किल्ली त्याच माणसाच्या खिशात होती.

लोक कुवेतहून बसने बसऱ्याला, तिथून बगदादला आणि पुढे वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या सरहद्दीवर आले. तिथल्या तंबूंच्या छावण्यांत दिवस काढून अम्मान गाठलं. अम्मानहून मुंबईपर्यंतचं सुमारे चार हजार किलोमीटरचं अंतर मात्र प्रवासी विमानांनी कापलं. १३ ऑगस्टपासून सुमारे दोन महिने हे चाललं. ४८८ उड्डाणं झाली आणि एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसं घरी आली. एका नागरी विमान कंपनीने केलेली सगळ्यात मोठी सुटका म्हणून गिनीज बुकात एअर इंडियाचं नाव गेलं. जे मागे राहिले त्यांच्यासाठी ‘विश्वसिद्धी’ नावाचं जहाज धान्य घेऊन गेलं. इराकवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते, त्यामुळे या धान्यासाठीही न्यूयॉर्कमधून मंजुरी मिळवावी लागली. २०१६ साली ‘एअरलिफ्ट’ हा हिंदी सिनेमा आला आणि त्यात हे सगळं श्रेय एका धडाडीच्या व्यापाऱ्याकडे गेलं. परराष्ट्र खात्याने त्यावर नाराजी व्यक्त केली. व्यापाऱ्यांनी आणि कुवेतमधल्या भारतीय मंडळींनी मोठं काम केलं हे खरंच. पण फायली, शिक्के आणि प्रवाशांच्या याद्या यांच्यावर सिनेमा चालत नाही, हेही खरं.

दोन्ही बाजूंशी बोलता येणाऱ्या या अलिप्तपणाची गोष्ट फार सोवळी करून सांगण्यात मात्र अर्थ नाही. पुढच्याच वर्षी आखाती युद्ध पेटलं तेव्हा चंद्रशेखर यांच्या सरकारने अमेरिकेच्या लष्करी विमानांना भारतात इंधन भरू दिलं. मुंबईतही ती विमानं उतरली. गवगवा झाला आणि मग ती सोय बंद करावी लागली. तोवर कुवेतमधली बहुतेक माणसं परत आलेली होती.

नंतरची एक मोठी सुटका भोपाळच्या शेजाराशी जोडलेली आहे. भोपाळहून विदिशा साठ किलोमीटरच्या आत आहे. २०१४ ते २०१९ या काळात देशाच्या परराष्ट्रमंत्री याच विदिशा मतदारसंघाच्या खासदार होत्या. सुषमा स्वराज यांच्या कारकिर्दीत ट्विटरवरून मदत मागणाऱ्यांच्या गोष्टी घराघरांत पोचल्या, पण त्यांची खरी परीक्षा २०१५ साली येमेनमध्ये झाली. राजधानी सना हुथी बंडखोरांच्या ताब्यात होती आणि मार्चच्या अखेरीस सौदी अरेबियाने वरून बॉम्बफेक सुरू केली. म्हणजे जमीन एकाची आणि आकाश दुसऱ्याचं. सनाच्या इस्पितळांत केरळच्या नर्सेस मोठ्या संख्येने होत्या. इतरही हजारो भारतीय कामधंद्यानिमित्त तिथे होते.

या सुटकेला ‘ऑपरेशन राहत’ असं नाव दिलं गेलं. तिची पहिली पायरी गोव्याच्या कामगारांनी बांधलेली आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. ‘आयएनएस सुमित्रा’ हे गस्ती जहाज गोवा शिपयार्डने बांधलं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये ते नौदलात दाखल झालं. समुद्री चाच्यांवर नजर ठेवणं हे त्याचं नेमून दिलेलं काम. नौदलात येऊन सात महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्याला येमेनच्या एडन बंदरात जायचा हुकूम मिळाला. ३१ मार्च २०१५ रोजी ते एडनला पोचलं आणि ३४९ जणांना घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जिबूतीकडे निघालं. अशा जहाजावर खलाशी आणि अधिकारी मिळून सव्वाशेच्या आसपास माणसं राहतात. त्यांच्या खोल्या, जेवणघर, जिने आणि डेक असं सगळं पाहुण्यांनी भरून गेलं.

मागोमाग माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस मुंबई’ आली. तिच्या वेळेस एडनच्या बंदरात गोळीबार चालू होता, म्हणून ही मोठी विनाशिका धक्क्याला लागलीच नाही. ती बाहेर नांगर टाकून उभी राहिली आणि लहान होड्यांतून माणसं तिच्यापर्यंत आणली गेली. त्या खेपेत ४४१ जण आले आणि त्यात भारतीयांपेक्षा परदेशी जास्त होते. या जहाजाला हे काम नवं नव्हतं. २००६ साली इस्राएल आणि लेबनॉनमधली हिजबुल्ला संघटना यांची लढाई जुंपली, तेव्हा भूमध्य समुद्राच्या दौऱ्यावरून परतणाऱ्या भारतीय ताफ्यात तीही होती. ताफा सुएझ कालवा पार करून घराकडे निघाला होता. त्याला माघारी वळवून बैरूतला पाठवण्यात आलं आणि तिथून सुमारे २,३०० लोकांना सायप्रसच्या लार्नाका बंदरात सोडण्यात आलं. त्यांत श्रीलंका आणि नेपाळचे लोकही होते.

सनाहून मात्र विमानानेच निघणं भाग होतं. एअर इंडियाची एअरबस विमानं मस्कतहून सनाला जात आणि तिथून माणसं घेऊन जिबूतीला उतरवत. विमान उतरायचं म्हणजे सनाच्या विमानतळावर हुथींनी उतरू द्यायला हवं आणि सौदी विमानांनी तेवढा वेळ बॉम्ब टाकू नयेत. सुषमा स्वराज यांनी पुढे २०१८ साली सिंगापूरच्या एका कार्यक्रमात हा किस्सा सांगितला. पंतप्रधानांनी सौदी राजांशी बोलणं केलं, आणि रोज सकाळी नऊ ते अकरा असे दोन तास बॉम्बफेक थांबवायचं ठरलं. त्या दोन तासांत माणसं विमानतळावर आणायची, कागद तपासायचे, बसवायचं आणि उडायचं. अशी १८ खास उड्डाणं झाली आणि सनाहून २,९०० हून जास्त भारतीय निघाले. जिबूतीत माजी लष्करप्रमुख आणि तेव्हाचे राज्यमंत्री व्ही. के. सिंह तळ ठोकून होते. तिथून वायुदलाची अजस्र सी-१७ विमानं लोकांना मुंबईला आणि कोचीला आणत. सगळा हिशेब झाला तेव्हा ४,६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० परदेशी बाहेर आले होते. आपलं माणूस काढण्यासाठी अमेरिकेपासून जर्मनीपर्यंतच्या देशांनी भारताकडे शब्द टाकला होता. मुकल्ला बंदरात अडकलेल्या ११ भारतीयांना पाकिस्तानी नौदलाने आपल्या जहाजावर घेतलं आणि कराचीमार्गे सुखरूप परत पाठवलं. भारतीय जहाजांनीही काही पाकिस्तान्यांना बाहेर काढलं. दोन्हीकडच्या वाहिन्यांना त्या दिवशी नेहमीचा आरडाओरडा आवरता घ्यावा लागला.

भारत मोठा देश आहे आणि त्याचं नौदल हिंदी महासागरात सदैव फिरतं असतं. मग छोट्या, तटस्थ देशांनी काय करावं? आयर्लंडचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. पन्नास लाखांच्या घरातली लोकसंख्या, कोणत्याही लष्करी गटात सामील न होण्याचं जुनं धोरण आणि दूरच्या देशातून माणसं उचलून आणेल असं मोठं मालवाहू लष्करी विमान एकही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं, तेव्हा आयर्लंडने आपल्या आर्मी रेंजर विंग या कमांडो दलाचे निवडक जवान आणि मुत्सद्दी अशी नऊ-दहा जणांची तुकडी तिथल्या विमानतळावर पाठवली. ती गेली दुसऱ्यांच्या विमानाने आणि आलीही तशीच. तिने आपले २६ नागरिक बाहेर काढले. २०२३ मध्ये सुदानसाठी बारा जणांची तुकडी जिबूतीत जाऊन बसली आणि फ्रान्स, स्पेन अशा मित्रदेशांच्या विमानांत आपल्या माणसांना जागा मिळवत राहिली. अशा छोट्या तुकडीचं काम गर्दीतून आपला पासपोर्ट हुडकून काढणं, फाटकावरच्या परक्या सैनिकाला पटवणं आणि विमानात चार जागा मागून घेणं हे असतं. लग्नघरात स्वतःची गाडी नसलेला पण सगळ्यांना स्टेशनवर पोचवणारा एक मामा असतो, तसा हा प्रकार. स्वित्झर्लंडचे दूतावासाचे लोकही सुदानमधून फ्रान्सच्या मदतीनेच निघाले.

भारतालाही अशी उसनवारी करावी लागते. सुदानमध्ये सुरुवातीचे काही भारतीय फ्रान्स आणि सौदी अरेबिया यांनी काढलेल्या लोकांबरोबरच बाहेर पडले.

सुदानची लढाई १५ एप्रिल २०२३ ला पेटली. एका बाजूला सरकारी लष्कर आणि दुसऱ्या बाजूला आरएसएफ हे निमलष्करी दल. दोन्ही सेनापती कालपर्यंत एकाच सत्तेचे भागीदार होते. राजधानी खार्टूमचा विमानतळ पहिल्याच दिवशी रणांगण झाला. तिथून तांबड्या समुद्रावरचं पोर्ट सुदान बंदर रस्त्याने आठशे किलोमीटरहून लांब. ‘ऑपरेशन कावेरी’मध्ये लोकांना बसने तिथवर आणलं गेलं. वाटेत एका पक्षाचा नाका संपला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा. बंदरात पहिली उभी होती ‘आयएनएस सुमेधा’. हीसुद्धा गोवा शिपयार्डचीच, सुमित्राची थोरली बहीण. तिने पहिल्या खेपेला २७८ जणांना जेद्दाला नेलं. जेद्दातल्या भारतीय शाळेत गाद्या टाकून लोकांची राहायची सोय केलेली होती.

ज्यांना पोर्ट सुदान गाठणं शक्यच नव्हतं, त्यांच्यासाठी वायुदलाने २७ एप्रिलच्या रात्री जे केलं, त्याचे तपशील वाचताना आजही नवल वाटतं. खार्टूमच्या उत्तरेला चाळीस किलोमीटरवर वादी सैय्यिदना इथे एक लष्करी धावपट्टी आहे. पृष्ठभाग खराब, उतरायला मदत करणारी यंत्रणा नाही, इंधन नाही आणि सगळ्यात वाईट म्हणजे धावपट्टीवर दिवेच नाहीत. भोपाळच्या राजा भोज विमानतळावर रात्री उतरणाऱ्या प्रवाशाला खिडकीतून दिव्यांच्या ज्या सरळ रांगा दिसतात, त्यांतला एकही दिवा तिथे नव्हता. सी-१३०जे विमानाच्या वैमानिकांनी आधी इन्फ्रारेड कॅमेऱ्यातून पट्टी मोकळी आहे ना, आजूबाजूला शत्रू नाही ना, हे पाहून घेतलं. मग रात्रीही दिसेल अशा दुर्बिणी डोळ्यांना लावून अंधारात विमान टेकवलं. इंजिनं चालूच ठेवली. गरुड कमांडोंनी माणसांना आणि सामानाला विमानात चढवलं आणि त्याच अंधारात विमान उडालं. त्यात १२१ जण होते आणि एक गरोदर बाईही होती. हे सगळं वैमानिकांचं कसब आहे, यात शंका नाही. पण ती धावपट्टी सुदानी लष्कराच्या ताब्यात होती आणि तिथवर येणारा रस्ता आरएसएफच्या माऱ्यात होता. आधी कोणाची परवानगीच नसती, तर ते कसब कामी आलं असतं का, याचा विचार करावा. ५ मेपर्यंत एकूण ३,८६२ लोक सुदानबाहेर आले.

आता पुन्हा युक्रेनकडे. आकाश बंद असल्यामुळे तिथून थेट विमान नव्हतंच. ‘ऑपरेशन गंगा’चा सगळा खेळ सरहद्दीपलीकडे झाला. मुलांनी बसने, ट्रेनने, कित्येक किलोमीटर बर्फात चालत पोलंड, हंगेरी, रोमानिया किंवा स्लोवाकिया गाठायचं आणि पुढचं विमान तिथून. पोलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय आत येऊ दिलं. पहिलं विमान बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मुंबईला उतरलं. चार केंद्रीय मंत्री चार देशांत पाठवले गेले. ग्वाल्हेरचे ज्योतिरादित्य शिंदे रोमानिया आणि मोल्दोवा सांभाळत होते. ९० उड्डाणं झाली, त्यातली १४ वायुदलाची. सुमारे २२,५०० भारतीय परतले आणि त्यात बहुतेक विद्यार्थी होते.

पश्चिम सरहद्दीजवळच्या मुलांचं त्यातल्या त्यात बरं होतं. खार्किव आणि सुमी ही शहरं रशियाच्या सरहद्दीला लागून, लढाईच्या ऐन तोंडावर. १ मार्चला खार्किवमध्ये कर्नाटकचा एक विद्यार्थी तोफगोळ्यांच्या माऱ्यात मारला गेला. तो खाण्याचे जिन्नस आणायला बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी दूतावासाने फर्मान काढलं: संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा आणि गाडी मिळाली नाही तर पायी निघा. पेसोचिन ११ किलोमीटर, बाबाये १२ किलोमीटर, बेझल्युदिव्का १६ किलोमीटर. एखाद्या सरकारने आपल्या नागरिकांना इतकं अगतिक पत्र क्वचितच लिहिलं असेल.

आणि इथेच अलिप्तपणाची किंमतही दिसली. त्याच आठवड्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाचा ठराव १४१ मतांनी संमत झाला. तटस्थ राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. सरहद्दीवर आणि रेल्वे स्थानकांवर भारतीय मुलांना ढकललं गेलं, डब्यात चढू दिलं नाही, असे अनुभव अनेकांनी सांगितले. आपल्या बायकापोरांना आधी चढवण्याची घाई युक्रेनच्या लोकांना होती, आणि भारताच्या मतदानाचा रागही काहींच्या मनात होता. तटस्थ माणूस दोघांशी बोलू शकतो हे खरं, पण दोघांचाही तो आपला नसतो.

सुमीतली मुलं पाण्याअभावी बर्फ वितळवून पीत होती. ५ मार्चला त्यांनी व्हिडिओ टाकला, की आम्ही आता पायीच निघतो, काही झालं तर जबाबदारी सरकारची. सरकारने त्यांना थांबवलं. ७ मार्चला पंतप्रधान मोदी पुतिन आणि झेलेन्स्की या दोघांशीही बोलले. त्या दिवशी मुलं बसमध्ये बसलीसुद्धा होती, पण तोफा थांबल्या नाहीत आणि त्यांना उतरवावं लागलं. ८ मार्चला रस्ता मोकळा झाला. जवळजवळ सातशे मुलं बसने पोल्तावाला आणि तिथून ट्रेनने पश्चिमेकडे गेली. या एका दिवसाच्या अंतरात भारताने एकही नवं विमान आणलं नव्हतं. फरक पडला तो दोन राजधान्यांतल्या होकाराने.

जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण एकमेकांवर क्षेपणास्त्रं सोडत होते, तेव्हा तर हे आणखी स्पष्ट झालं. इराणने आपलं बंद आकाश फक्त भारतीय विद्यार्थ्यांच्या विमानांपुरतं उघडलं आणि मशहदहून ती दिल्लीला आली. ‘ऑपरेशन सिंधू’मध्ये इराणमधून साडेतीन हजारांहून जास्त आणि त्याच वेळी इस्राएलमधून आठशेहून जास्त भारतीय परतले. एकाच लढाईच्या दोन्ही टोकांकडून.

पण फोन उचलायला पलीकडे कोणी असावं लागतं. जून २०१४ मध्ये इराकचं मोसुल शहर इसिस या दहशतवादी संघटनेने घेतलं. अपहरण झालेल्या ४६ भारतीय नर्सेस जुलैमध्ये एर्बिलहून सुखरूप परतल्या. बांधकामावरचे ३९ मजूर परतले नाहीत. ते मारले गेल्याचं सुषमा स्वराज यांना मार्च २०१८ मध्ये राज्यसभेत सांगावं लागलं. त्या चार वर्षांत दिल्लीने बगदादपासून आखातापर्यंत अनेक दारं ठोठावली, पण इसिसला परराष्ट्र खातं नव्हतं.

युक्रेनहून परतलेल्या मुलांचं पुढे काय झालं, हा भाग बातम्यांतून लवकर गेला. भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत सामावून घ्या, अशी मागणी घेऊन ती सर्वोच्च न्यायालयात गेली. केंद्राने सांगितलं, की कायद्यात तशी तरतूद नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. काही जण जॉर्जियाला, काही उझबेकिस्तानला गेले. काहींनी पोलंड किंवा मोल्दोवापर्यंत विमानाने आणि तिथून पुढे बसने प्रवास करून पुन्हा युक्रेनमधलं आपलं कॉलेज गाठलं. या वेळी जाताना दूतावासात नाव नोंदवून.